तुझा डावा खांदा

नलूकाकी, तू गेलीस त्याच संध्याकाळी गावाने निकाल लावून टाकला. निकाल असा, की योगाचा काही उपयोग नाही.

तुला पोचवून आम्ही परत येत होतो. अजून कुणाच्या आंघोळी व्हायच्या होत्या, आणि वाटेतच एकाने सुरुवात केली, "एवढी अंग मोडायची रोज सकाळी, काय झालं? आमची आई बघा. आयुष्यात कधी वाकली नाय, अजून ठणठणीत हाय." दुसरा म्हणतो, "उलटंसुलटं उभं राहिल्यावर रक्त डोक्यात उतरणारच ना." तिसरा म्हणाला, "मी तर आता सूर्यनमस्कार बंद करणार." तो सूर्यनमस्कार कधी घालायचा हे सूर्याला पण माहीत नसेल.

डॉक्टर म्हणाला हृदय. गाव म्हणतं डोकं. अलिबागच्या बाजारात बोंबील निवडता निवडता तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस, यात डोक्याचा संबंध काय? पण लोकांना तुझ्या विंचवावर, म्हणजे त्या वृश्चिकासनावर, खापर फोडायचं होतं. तो विंचू त्यांना कधी आवडलाच नव्हता. साठीच्या घरातली बाई कोपरांवर उभी राहते, पाय मागून आणून स्वतःच्या डोक्यावर ठेवते आणि मग घरी जाऊन नवऱ्याला चहा करते, हे त्यांना इतकी वर्षं पचत नव्हतं. आता पचलं. बरं झालं, मेली.

मला त्या तिघांचेही आवाज काढता येतात. तू असतीस तर दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर मी तिघांना ओळीने उभं केलं असतं आणि तू ओढणी तोंडावर धरून हसली असतीस. पण तू नव्हतीस. तुझ्यावरच विनोद आणि ऐकायला तूच नाहीस, म्हणजे माझ्या धंद्याची पण वाट लावलीस.

म्हणून हे लिहितोय. मला तुझ्याशी भांडायचंय.

मी तुझ्याकडे आलो ते काही आरोग्यासाठी नाही. मी मांडव्याच्या जेटीवर गाड्यांच्या पावत्या फाडतो आणि लग्नसराईत हळदीला मिमिक्री करतो. त्या वर्षी माझ्या डोक्यात एक आयटम आला होता. उलटं उभं राहायचं, पाय मागून डोक्यावर आणायचे, पायाच्या बोटांत माईक धरायचा आणि सरपंचांचं भाषण करायचं. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. तुझा हातसुद्धा थांबला नाही.

"सरपंच उलटा कसा दिसेल ते नाय माहीत," म्हणालीस, "तू मात्र तोंडावर पडशील. उद्या सकाळी ये. पोट रिकामं ठेव."

"काकी, तिथे सगळ्या बायका असतात."

"मग? तू कुणाकुणाच्या बायकोचा आवाज काढतोस ते त्यांना पण कळू दे."

दुसऱ्या दिवसापासून समाजमंदिरात सगळ्या बायका आणि मी. मला वाटलं होतं, तू मला सरळ उलटा करशील. तू मला बाकड्यासमोर गुडघ्यावर बसवलंस. कोपरं बाकड्यावर, हात जोडून मानेच्या मागे, आणि छाती खाली सोडायची. बस, एवढंच. त्या आसनाचं खरं नाव तू सांगितलं नाहीस, तू त्याला 'बाकड्याला नमस्कार' म्हणायचीस. बगलेत अशी कळ यायची की मला माझे पूर्वज दिसायचे. मग कोपरांवर आडवं, अंग फळीसारखं, पोट आत. मग त्याच कोपरांवरून ढुंगण वर, डोकं लोंबतं, आणि पाय हळूहळू हातांकडे चालवत आणायचे. मग पालथं पडून भुजंगासन, पण कंबरेतून नाही.

"कंबर सगळ्यांचीच वाकते," तू म्हणायचीस. "कुणाची साहेबापुढे वाकते, कुणाची सासूपुढे. मला तुझी वरची पाठ पाहिजे. इथली." आणि तू बोट टेकवायचीस दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथे माणसाला स्वतःला खाजवता पण येत नाही.

मी रोज विचारायचो, "विंचू कधी?" तू रोज म्हणायचीस, "आधी नांगी धरायला ताकद येऊ दे." म्हणजे ताकद आधी, लवचीकपणा बरोबरीने आणि आकार सगळ्यांत शेवटी. मी हे सगळं तुझ्या आवाजात पाठ केलं होतं आणि जेटीवर रोरो बोटीची वाट बघत थांबलेल्या लोकांना ऐकवायचो. एक मुंबईची बाई म्हणाली, कुठे असतो यांचा क्लास? मी म्हटलं, विंचू चावलेला चालेल का?

मग एका सकाळी तू आम्हाला करून दाखवलंस. कोपरं टेकवलीस, एक पाय उचललास, दुसरा त्याच्या मागून गेला आणि तू भिंतीपासून हातभर लांब, हवेत, सरळ. कसलाही धक्का नाही. मग डोकं वर उचललंस, पाठ वाकत गेली आणि तुझे पाय डोक्यावर आले ते असे, की मागून येऊन कुणीतरी हळूच डोळे झाकावेत. बायका गप्प होत्या. मी पण गप्प होतो, आणि तो दिवस बायकांनी लक्षात ठेवलाय.

पण काकी, मी काय बघत होतो ते तुला नंतर कळलं. मी माणूस बघतो तेव्हा मला आधी त्याची खोड दिसते. सरपंच बोलताना डावी भुवई उचलतात, भटजी मंत्रात मध्येच नाक ओढतात. खोड पकडली की माणूस हातात आला. आसन पण मी तसंच बघितलं. तुझी मान किती वर जाते, श्वास सोडताना नाकातून बारीक शिट्टी कशी येते, बोटं जमिनीला कशी धरतात. सगळं उचललं. घरी आईच्या कपाटाच्या आरशासमोर सुरू केलं. तुझ्या बाकड्याने आणि फळीने थोडी ताकद आली होतीच. बाकीचं नकलेने केलं. आणि एका शनिवारी, तू सांगितलेलं नसताना, मी सगळ्यांसमोर वर गेलो. पाय डोक्यावर. शिट्टीसकट.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाली, "अगो, ही तर नलूच."

तू टाळी वाजवली नाहीस. माझ्या भोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालीस, "खाली ये."

"काय चुकलं?"

"काय नाय चुकलं. खाली ये."

मला तेव्हाच राग आला होता. तो सगळा राग अजून शिल्लक आहे, त्याचं काय करू सांग.

पुढे काही दिवसांत माझा डावा खांदा दुखायला लागला. आधी पावती फाडताना, मग शर्ट घालताना. तू मला ओट्यावर बसवलंस, बोटांनी खांदा चाचपलास. "पडलावतास का कधी?"

"नाय."

"कुणी मारलाय?"

"डाव्या बाजूला नाय."

"मग खांदा चांगला हाय तुझा. एकदम चांगला. मग तू तो खाली टाकून वर का जातोस?"

"तसाच असतो ना तो. आसनात. डावा जरासा खाली."

तू माझ्याकडे इतका वेळ बघितलंस की मला वाटलं माझ्या नाकावर काही बसलंय. मग ओढणीची पिन काढलीस. तू नेहमी ओढणी डाव्या खांद्यावर पिन करायचीस. साडीत असलीस तर पदर तिथेच. मला वाटायचं, बायकांची पद्धत. ओढणी बाजूला केलीस तर कुडत्याच्या आत खांद्याचं हाड एका ठिकाणी वर आलेलं, आणि सगळा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली.

"लहानपणी रायवळ आंब्यावरून पडले," म्हणालीस. "हाडवैद्याने बसवला तसा बसला. मला आसनात डावा वर येतच नाय, म्हणून मी कसंतरी सांभाळून घेते. आणि तू गाढवा, हाड न मोडता मोडल्यासारखं करतोस?"

काकी, मला हसू आवरेना. तुला पण आवरेना. आख्ख्या रायगड जिल्ह्यात असा माणूस सापडणार नाही, ज्याला दुसऱ्याच्या फ्रॅक्चरचं दुखणं झालं. तू हसता हसता डोळे पुसलेस आणि लगेच गंभीर झालीस. "आता हे काढायचं. माझ्या खांद्याने वर जायचं नाय. तुझ्या खांद्याने ये. कधी का येईना."

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस.

माझं म्हणणं होतं, नक्कल केल्याशिवाय कुणी काही शिकतच नाही. पोर बोलायला शिकतं ते आईची नक्कल करून. पोहायला शिकतं ते दुसऱ्याला बघून. तू म्हणालीस, "बाप लंगडा असेल तर पोर लंगडत चालायला नाय शिकत." मी म्हटलं, "शिकतं. आमच्या आळीतला पोरगा आजोबांसारखा लंगडायचा. डॉक्टरकडे नेला, फोटो काढला, हाडं चांगली. आजोबा गावी गेले, पोर सरळ चाललं." तू म्हणालीस, "बघ, आजोबा गेल्यावर." मी म्हटलं, "गावी गेले, काकी." तू म्हणालीस, "तेच."

तेच म्हणजे काय? मी चारदा विचारलं. तू म्हणालीस, फळी धर. तुला उत्तर सुचलं नाही की फळीवर ढकलायचीस. आता मी कुणाला विचारू, तेच म्हणजे काय?

मग तू मला काही दाखवणंच बंद केलंस. बायकांना करून दाखवायचीस तेव्हा मला तोंड भिंतीकडे करून बसवायचीस, शाळेतल्यासारखं. माझ्या वेळी तू बाहेर ओट्यावर जाऊन बसायचीस आणि खिडकीतून नुसता आवाज. "कोपरं खांद्यांएवढीच. उजवी बाहेर जातेय." तुला दिसत नव्हतं तरी कसं कळायचं? मी तुझा आवाज काढून बायकांना सूचना द्यायला लागलो. अर्ध्या बायका माझं ऐकून पाय बदलायच्या. तू दारात येऊन उभी राहिलीस. तू म्हणालीस, "माझं बोलणं एवढं नाकात नाय." आणि परत ओट्यावर गेलीस. दुसऱ्या दिवशी तू कमी नाकात बोलत होतीस. मला एवढं बरं वाटलं होतं, काकी. माणसाची नक्कल केली आणि माणूस सुधारला, असं माझ्या सगळ्या करिअरमध्ये एकदाच झालं.

आणि ते लाटणं. कोपरांवर फळी धरली की तू माझ्या पाठीच्या कण्यावर घरून आणलेलं लाटणं लांबीने ठेवायचीस, डोक्याकडून कंबरेकडे. खांदे सारखे असतील तर ते राहणार. माझं डावीकडे गडगडायचं. रोज. लाटणं फरशीवर पडलं की बायका एका सुरात म्हणायच्या, "पोळी करपली." महिने गेले. मला विंचू येत होता, काकी. तयार होता अंगात. डावा जरा सोडला की आपोआप वर. आणि तू मला पोळ्या लाटायला लावलंस. हळदीची अख्खी सराई गेली, सरपंचांचं भाषण सरळ उभं राहूनच करावं लागलं.

तुझ्या शेवटच्या सकाळी लाटणं बराच वेळ राहिलं. मग पडलं, पण उजवीकडे. तू केवढी खूश. "चला, निदान पक्ष तरी बदलला," म्हणालीस आणि पिशवी घेऊन अलिबागच्या गाडीला गेलीस.

आता पुढचं ऐक. हे तुला कुणी सांगणार नाही.

गावच्या मंडळाने तुझी श्रद्धांजली सभा ठेवली, रविवारी सकाळी, समाजमंदिरात, म्हणजे मुंबईहून लोकांना रोरोने येऊन संध्याकाळच्या बोटीला परत जाता येईल. नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यात तुझा फोटो वर कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. मंडळाचे अध्यक्ष भाऊ मध्ये, हात जोडून, छातीपर्यंत. अलिबागकडून येणारा एक माणूस फ्लेक्स बघून मला म्हणाला, "अरेरे, भाऊ गेले?" मी म्हटलं, नाही हो, ते दुःखात आहेत.

आणि समाजमंदिर रंगवलं. भिंतीवर आपल्या टाचांचे डाग होते ना, खालपासून वरपर्यंत, कुणाची टाच कुठवर गेली ते कळायचं. तू मंडळाला किती वेळा सांगितलं होतंस, इथली फरशी उखडलीये, कोपरं सोलतात, तेवढी नीट करा. तेव्हा निधी नव्हता. तू मेल्यावर निधी आला आणि तो भिंतीला लावला. मोतिया रंग. तुझ्या सभेसाठी तुझे डाग पुसले. फरशी तशीच.

शनिवारी मी रिकाम्या समाजमंदिरात गेलो होतो. तिथे मला बघायचं होतं, अजून येतं का. डावा खांदा सोडला आणि गेलो वर, तुझ्यासारखा, शिट्टीसकट. नेमके भाऊ खुर्च्या मोजायला आलेले. दारातच थांबले. मी खाली आलो तर त्यांचे डोळे ओले. खरंच ओले, नाटक नव्हतं.

"प्रणू," म्हणाले, "उद्या हे करायचं. फोटोसमोर. आणि वर असताना तिच्या आवाजात दोन वाक्यं. काय म्हणायची ती? पोट आत, छाती खाली. बस. लोकं ढसाढसा रडतील."

"भाऊ, नाय जमणार."

"आत्ता जमलं की."

"तिने नको म्हटलंय तसं करायला."

"अरे ती आता कुठे हाय नको म्हणायला? आणि तू तर सगळ्यांच्या नकला करतोस. माझी पण करतोस, मला माहीत हाय. तिचीच करायला काय झालं?"

काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नाही, नुसताच तडकलो. आता सांगतो. तुमची नक्कल मी करतो तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत बसून मला शिवी घालता, भाऊ. माझा डाव तुमच्या शिवीवर चालतो. काकी दारात येऊन म्हणायची, माझं बोलणं एवढं नाकात नाय. आता कोण म्हणणार? उद्या मी तिला हवी तेवढी नाकात बोलायला लावेन आणि एक माणूस उठून म्हणणार नाही की ती अशी नव्हती. मग हळूहळू ती तशीच होती असं ठरेल. मला तू हळदीच्या आयटममध्ये नकोयस, काकी. बँडवाला, सरपंच आणि मग कै. नलूकाकी, टाळ्या. नको.

नाही म्हणून घरी आलो. रविवारी मागच्या खुर्चीत बसलो. चारपाच भाषणं झाली. प्रत्येकाने सांगितलं की तू शांत स्वभावाची होतीस. शांत? माझ्या पाठीवरून लाटणं पडल्यावर तू काय बोलायचीस ते मी इथे लिहू शकत नाही. आणि मग भाऊंनी माईक घेतला. "आता काकींचा लाडका शिष्य, आपला प्रणू, काकींचं सुप्रसिद्ध आसन करून त्यांना आदरांजली वाहील." लोकांनी टाळ्या सुरू केल्या. पुढच्या रांगेत तुझा नवरा, आपले काका, पांढऱ्या शर्टात, वळून माझ्याकडे बघत होते. ते कधी क्लासला आले नाहीत. ते तेवढे वळले नसते तर मी दारातून निघून गेलो असतो.

पुढे गेलो. सतरंजी होती. फोटो होता, हार होता, नवीन मोतिया भिंत होती. गुडघ्यावर बसलो, कोपरं टेकवली, आणि मला कळलं की सगळं आता डाव्या खांद्यावर आहे. तो बोटभर सोडला की मी तू होणार. दोन श्वासांत पाय डोक्यावर. सगळं समाजमंदिर रडणार, भाऊ रडणार, आणि मी आयुष्यात कधी नव्हतो एवढा चांगला नकल्या ठरणार. नाही सोडला तर काहीच नाही. लोकांना दिसणार एक पोरगा, ढुंगण वर केलेला.

मला तुझा एवढा राग आला, काकी. मेल्यावर पण मला फळी धरायला लावलीस.

नाही सोडला. दोन्ही खांदे वर ढकलले. पाय चालवत आणले. एक पाय उचलला, दुसरा मारला, दोन्ही टाचा धाडकन भिंतीवर आपटल्या. नव्या रंगाचा एक पोपडा माझ्या तोंडावर पडला. तसाच थांबलो. भिंतीला टेकून, सरळ, बांबूसारखा. पाठ वाकवायला गेलो तर डावा सुटायला लागला, म्हणून वाकवली नाही. भाऊंनी माईक खाली आणून माझ्या तोंडापाशी धरला आणि कुजबुजले, "बोल, बोल." ते पण स्पीकरवर ऐकू गेलं. मी बोललो नाही. मला बोलायला श्वासच नव्हता. स्पीकरमधून सगळीकडे नुसती माझी धाप ऐकू येत होती. साधी धाप. शिट्टी मी काढली नाही.

कुणीतरी बाई मागून म्हणाली, "पाय खाली कधी आणतोय डोक्यावर?"

पाय खाली आणले, पण जमिनीवर. उठलो. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच कळेना. भाऊ माईक झाकून म्हणाले, "विंचू?"

"येत नाय अजून."

"काल आला होता की रे."

"तो काकीचा होता."

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या फ्लेक्सवर शाई टाकली. मग मौन झालं, मग चहा.

लोक बोटीला गेले. मी खुर्च्या आवरत होतो, काका पण आवरायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, पण ते ऐकेनात. एक रांग आवरून झाली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "नलूचा डावा खाली असायचा."

"माहीत आहे, काका."

"मागनं चालताना मला दिसायचं. लग्न झाल्यापास्नं बघतोय. बाजारात गर्दीत हरवली तरी खांद्यावरनं ओळखायचो." हातातली खुर्ची खाली ठेवली. "भाऊ म्हणाले, प्रणू हुबेहूब नलू करतो. म्हणून पुढे बसलेलो. म्हटलं, दिसेल." मग माझ्याकडे बघितलं. "तुझा सरळ होता."

काकी, एवढे महिने ज्या सरळ खांद्यासाठी मी मार खाल्ला, तो सरळ झाला तो नेमका या माणसासमोर. त्याला फक्त एकदा वाकडा बघायचा होता.

"दाखवू का?" मी विचारलं. "आता कोण नाय इथे. तुमच्यासाठी करतो."

काकांनी विचार केला. त्यांना हो म्हणायचं होतं, मला दिसलं. सतरंजी अजून तिथेच होती.

"नको," म्हणाले. "तुला दुखतो तसं केल्यावर. ती रोज घरी येऊन सांगायची. माझ्या खांद्याने पोराला दुखवलं, म्हणायची. जेवायची नाय नीट." आणि परत खुर्च्या एकात एक घालायला लागले.

रोज? मला गाढव म्हणायचीस, पाठीवर लाटणं ठेवायचीस, भिंतीकडे तोंड करून बसवायचीस, आणि घरी जाऊन जेवायची नाहीस? हे मला तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला? मी सांगितलं असतं ना, की दुखत होतं पण मला चालत होतं. तुझी एकच गोष्ट माझ्या अंगात होती, ती पण तू परत मागून घेतलीस, आणि मी मूर्ख, नीट दिली. मी अजून रोज सकाळी जातो, बायका पण येतात, भिंतीवर परत डाग पडायला लागलेत आणि भाऊ बोंबलतायत. विंचू अजून येत नाही. येईल बहुतेक. येईल तेव्हा तो अगदी सरळ असेल, माझा असेल, आणि तुला ओळखणारं कुणी तो बघून म्हणणार नाही, अगो, ही तर नलूच.